चार रिलीज एका मोटेत बांधू नका: किनाऱ्यावरच्या रुग्णालयात बाह्मनीची नवी आवृत्ती आणताना

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी एका ट्रस्टचं तीसेक खाटांचं रुग्णालय आहे, जोडीला आसपासच्या गावांत बाह्य दवाखाने. केसपेपर, लॅब, बिलिंग सगळं जुन्या बाह्मनीवर (रुग्णालयांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर), सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीच्या एका सर्व्हरवर चालतं. कोडमध्ये स्वतःचे बदल बरेच. आता नवी आवृत्ती काढायची आहे आणि तिच्यात नवं बाह्मनी, डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यात बंद करून चालवायची पद्धत), नवा सर्व्हर, नवं बिलिंग, विंचूदंश आणि लेप्टोचे फॉर्म, शिवाय आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) जोडणी, असं सगळं हवं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत म्हणजे ३१ मेपर्यंत ते लागावं, असं विश्वस्तांचं म्हणणं. क्रम काय ठेवावा, आणि मध्येच फसलं तर काय करावं?

आधी तारखेचं बोलतो, कारण तुमची अर्धी अडचण तिथे आहे. ३१ मे सोडून द्या. मेमध्ये चाकरमानी गावी असतात, ओपीडी फुगलेली असते आणि स्टाफमधल्या निम्म्यांच्या घरी लग्नं असतात. ते निभावलंत तरी नव्या प्रणालीचे पहिले काही आठवडे, म्हणजे ज्यात खरे बग बाहेर पडतात ते, नेमके जूनमध्ये येतील. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती, हे तुमच्याकडच्या लोकांना मी सांगायला नको. जुलै ते सप्टेंबर लेप्टोचे रुग्ण आणि गणपती. शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गकडे, डिसेंबरनंतर माकडतापाची नमुने-तपासणी सुरू होते. मार्च हिशेबाचा. राहता राहिला दिवाळीनंतरचा काळ, नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य. तोच घ्या. वार निवडताना गावचा आठवडी बाजार कधी असतो ते पाहा, त्याच्या आदल्या दिवशी काही बदलू नका. शुक्रवार-शनिवारही नको, रविवारी नेटवर्कवाला फोन उचलत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही जिला एक आवृत्ती म्हणता त्या चार आहेत, आणि त्यांतल्या दोन मागे फिरवता येत नाहीत. आखणी करताना ‘काय काय घालायचं’ ही यादी बहुतेक जण आधी करतात. मी प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न लिहितो: हा लावल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी काढून टाकायचा ठरला तर काय जाईल? फॉर्म असेल तर काहीच जात नाही, जुना फॉर्म परत लावा. सर्व्हर बदलला असेल तर थोडा मनस्ताप. पण ओपनएमआरएस, म्हणजे बाह्मनीतला केसपेपर सांभाळणारा भाग, नव्या आवृत्तीत पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा त्यातलं लिक्विबेस हे साधन डेटाबेसची रचना बदलतं, आणि ती उलटी फिरवायची भरवशाची सोय नसते. परत जायचं म्हणजे आदल्या रात्रीचा बॅकअप. त्यानंतर आलेले सगळे रुग्ण पुन्हा हाताने भरायचे. डीएचआयएस२ (आरोग्याची आकडेवारी गोळा करणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांचंही तेच: डेटाबेस एकदा वर चढवला की खाली उतरायचा जिना नाही.

म्हणून नियम असा की जे मागे फिरत नाही ते एकटं जाऊ द्या. त्याच्यासोबत दुसरं काहीही नको, साधा लोगोचा बदलही नको. सकाळी नोंदणी खिडकीवर काही बिघडलं तर संशय घ्यायला एकच आरोपी असला पाहिजे.

तुमच्या बाबतीत क्रम मी असा लावीन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जुन्याच प्रणालीवर, फॉर्म. नोव्हेंबरमध्ये नवा सर्व्हर, डॉकर आणि नवं बाह्मनी. हे तिन्ही एकत्र येतं कारण नवी आवृत्ती डॉकरवरच चालवायची आहे, त्याला इलाज नाही. आभा फेब्रुवारीत. आणि बिलिंग १ एप्रिलला, त्याचं शेवटी सांगतो. यातला एखादा तुकडा वेळेत तयार झाला नाही तर त्याच्यासाठी तारीख हलवायची नाही. एसटी वेळेवर सुटते म्हणूनच लोक तिच्यावर विसंबतात. राहिला तो पुढच्या गाडीने. तारीख हलवायची एकच सबब मी मानतो: बॅकअपवरून प्रणाली उभी करण्याची तालीम फसली असेल तर.

नव्या आवृत्तीवर जायलाच हवं का, असं विश्वस्त विचारतील. हो. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.६ चा फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे सुरक्षेचं नवं भोक सापडलं तर त्यावर ठिगळ येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकात मोठं भोक सापडलं तेव्हा जावावर चालणाऱ्या प्रत्येक प्रणालीला तपासणी करावी लागली होती. यावरून आणखी एक: तातडीच्या पॅचसाठी कोडची वेगळी ब्रँच (शाखा) आजपासून ठेवा. नियोजित आवृत्तीचं अर्धवट काम ज्या ब्रँचमध्ये आहे तिच्यातून घाईचा पॅच काढायची वेळ येऊ देऊ नका.

तुमचे स्थानिक बदल हा यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा भाग. मूळ कोड आणि तुमचा कोड यांतला फरक काढून कागदावर छापा आणि डॉक्टर, सिस्टर, लॅब टेक्निशियन यांच्यासोबत बसून एकेक ओळ विचारा की हे अजून लागतं का. निम्मं तरी कोणालाच नको असतं. कधीतरी एका व्हिजिटिंग डॉक्टरांनी मागितलेलं असतं आणि ते डॉक्टर येणं बंद होऊन जमाना झालेला असतो. उरलेल्यातलं बरंचसं कोडमध्ये असायलाच नको होतं, ते कॉन्फिगरेशनचं काम आहे. थोडं खरोखर सगळ्यांच्या कामाचं निघतं, ते मूळ प्रकल्पाकडे पाठवा. यात पुण्याई कमावण्याचा प्रश्न नाही. तुमचा बदल मुख्य कोडमध्ये गेला की पुढच्या आवृत्तीत तो सांभाळायचं ओझं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. बाह्मनी स्वतः छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयाच्या गरजेतून उभं राहिलं, तेव्हा खेड्यातल्या रुग्णालयाची अडचण तिथे कोणी परकी समजत नाही.

तुमचाच विंचूदंशाचा फॉर्म घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून कोकणात या केसपेपरवर दोन वेळा महत्त्वाच्या: दंश कधी झाला आणि पहिली गोळी कधी दिली. तुमच्या सध्याच्या कोडमध्ये कोणीतरी यासाठी वेगळा स्क्रीन लिहून ठेवला आहे, आणि नवीन आवृत्तीत तो स्क्रीन चालणार नाही म्हणून सगळं अडलं आहे. त्याची गरजच नाही. कन्सेप्ट डिक्शनरीत, म्हणजे कोणकोणती माहिती नोंदायची त्या यादीत, दोन कन्सेप्ट, प्रकार तारीख-वेळ, आणि फॉर्म बिल्डरमध्ये एक फॉर्म, इतकं पुरतं. ओपनएमआरएसचं इनिशियलायझर मॉड्यूल वापरलंत तर हे सगळं साध्या तक्त्यांच्या सीएसव्ही फायलींत राहतं आणि चाचणीच्या सर्व्हरवर जे तपासलं तेच जसंच्या तसं खऱ्या सर्व्हरवर चढतं. कोणी रात्री बसून माउसने कन्सेप्ट तयार करत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ज्या कन्सेप्टवर नोंदी झाल्या आहेत त्याचा अर्थ बदलू नका. तुमच्याकडे सध्या ‘दंशाची वेळ’ हा मोकळा मजकूर आहे, त्यात ‘सकाळी’, ‘काजी वेचताना’, ‘९ वा.’ असं काहीही सापडेल. त्याच कन्सेप्टचा प्रकार बदलून तारीख-वेळ करायचा मोह होईल. नको. जुना रिटायर करा, म्हणजे वापरातून काढा, पुसू नका. नवा वेगळा काढा. जुन्या केसपेपरवर जुनं दिसत राहील, नवीन अहवाल नव्यावरून निघतील. डेटाबेसच्या रचनेलाही हाच हिशेब लावा: नवीन कॉलम या आवृत्तीत घाला, जुना कॉलम पुढच्या आवृत्तीत काढा. एकाच वेळी दोन्ही केलंत की परतीचा रस्ता आपल्या हाताने बंद.

तालमीकडे येतो. चाचणीचा सर्व्हर खऱ्या डेटाच्या आकाराचा हवा. दहा नकली रुग्णांवर नवं बाह्मनी भुर्रकन पळतं, त्यावरून काहीच कळत नाही. पण खऱ्या रुग्णांची नावं स्वयंसेवकांच्या लॅपटॉपवर जाऊ देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, आणि तो नसता तरी गावात कोणाला क्षयाची गोळी सुरू आहे हे बाहेर जाणं बरं नव्हे. नावं, पत्ते, फोन बदलून घ्या. मग नाव शोधण्याची चाचणी कशी करायची? त्यासाठी हाताने एक वेगळी यादी बनवा आणि ती अवघड बनवा. गोऱ्हे, कऱ्हाडकर यांसारखी आडनावं त्यात हवीतच. हा ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो: एका कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, दुसऱ्यावर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र वेगळे. जुना डेटा डेस्कटॉपवरून भरलेला आणि बाह्य दवाखान्यातल्या ताई मोबाइलवरून शोधणार, म्हणजे रुग्ण सापडणार नाही, ताई नवीन नोंदणी करणार, आणि एका बाईंचे दोन केसपेपर होणार, त्यातला एक ॲलर्जीच्या नोंदीशिवाय. नवीन आवृत्तीत शिरताना सगळी नावं एकाच रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या. नाव शोधताना आणि साठवतानाही तेच रूपांतर लावा.

दुसरी गोष्ट याहून छुपी आहे. एका रुग्णालयात सर्व्हर बदलताना लॅब आणि बिलिंगच्या पोस्टग्रेस या डेटाबेसचा सगळा फोल्डर जसाच्या तसा नव्या मशिनवर उचलून ठेवला. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, त्यामुळे सुरूही झालं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी लॅबच्या खिडकीवर काही रुग्ण सापडत आणि काही सापडत नसत. गडबड डेटात नव्हतीच. अक्षरं क्रमाने लावण्याचे नियम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतं, आणि जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ मध्ये, ते नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे. म्हणजे निर्देशिका (इंडेक्स) जुन्या क्रमाने रचलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. तपासायला सोपं आहे: दोन्ही मशिनवर ‘१-१’ आणि ‘११’ इंग्रजी आकड्यांत लिहून, इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल (भाषेची सेटिंग) ठेवून, सॉर्ट करून बघा. जुन्यावर ११ आधी येतो, नव्यावर १-१. तुमच्या नोंदणी क्रमांकात आडवी रेघ असेल तर ते क्रमांकही यात सापडतात. उपाय साधा: फोल्डर उचलू नका, डंप (सगळ्या डेटाची निर्यात केलेली प्रत) काढून नव्यावर रिस्टोअर करा, निर्देशिका नव्याने बनते. कोणी आधीच उचलला असेल तर रीइंडेक्स करा, पण त्या मधल्या काळात एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर रीइंडेक्स अडेल. आधी त्या निस्तराव्या लागतात.

तालीम कोण करणार, हेही लिहून ठेवा. डेव्हलपरने केलेली चाचणी मी धरत नाही. नोंदणीच्या ताई, एक सिस्टर, लॅबचा माणूस आणि औषधाच्या खिडकीवरचा माणूस, यांनी कालच्या दिवसाचे खरे कागद समोर ठेवून नवीन प्रणालीत तो दिवस पुन्हा भरायचा. गर्दीच्या वेळी एका रुग्णाला किती क्लिक लागतात ते ताई सांगतील, आणि त्या जे सांगतील ते ऐका. दुपारी एकच्या सुमाराला, सर्वांच्या कपाळाला आठ्या पडल्यावर, जे कळतं ते सकाळच्या प्रात्यक्षिकात कळत नाही.

बदलाच्या रात्रीबद्दल. तालमीत प्रत्येक पायरीला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहिलेला असला पाहिजे: बॅकअप, प्रत नेणं, लिक्विबेस, शोध-निर्देशिका पुन्हा बांधणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत जुन्यावर येणं. सकाळी आठला ओपीडी उघडते आणि परत यायला तीन तास लागतात, तर पहाटे पाचला निर्णय झालाच पाहिजे. तो निर्णय डेव्हलपरने घ्यायचा नाही, कारण त्याला नेहमी ‘अजून दहा मिनिटं’ हवी असतात. मेट्रन किंवा वैद्यकीय अधिकारी यांच्यापैकी एकाचं नाव आधी ठरवा. पाचला त्यांच्यापुढे ठरलेल्या पाच-सहा गोष्टी करून दाखवायच्या: जुना रुग्ण शोधणं, नवीन नोंदणी, औषधाची चिठ्ठी, लॅबची ऑर्डर जाऊन निकाल परत येणं, बिल, एक जुना एक्स-रे उघडणं. एक जरी अडलं तरी मागे.

एक्स-रेचं मुद्दाम लिहिलं. डेटाबेसचा बॅकअप सगळे घेतात. स्कॅन केलेले कागद आणि रुग्णांचे फोटो डेटाबेसबाहेर फोल्डरमध्ये असतात आणि ते बरेचदा मागेच राहतात. आणि बॅकअपची एक प्रत त्या इमारतीबाहेर, उंचावर हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला त्यानंतर तळमजल्यावरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कला मी बॅकअप म्हणत नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी कागदावर काम चालेल अशी तयारी ठेवा. आयडीजेन या क्रमांक देणाऱ्या मॉड्यूलमधून शे-दोनशे नोंदणी क्रमांक आधीच काढून स्टिकर छापून घ्या, म्हणजे रात्री आलेल्या रुग्णाला खरा क्रमांक मिळतो आणि नंतर जुळवाजुळव करावी लागत नाही. नंतर भरताना बाह्मनीत मागची तारीख लावून नोंद करायची सोय आहे. ती कोणाला वापरता येईल हे अधिकार आधी देऊन ठेवा. औषधाच्या वेळा आज भरल्या म्हणून आजच्या दिसल्या, असं होता कामा नये. बाह्य दवाखान्यांना त्या दिवशी सकाळपासून कागदच द्या. खाडीपलीकडच्या दवाखान्यातून ‘लॉगिन होत नाही’ असे फोन येत राहिले तर इथल्या माणसांना काही सुचत नाही.

आभा फेब्रुवारीत का, तर ती जोडणी फक्त तुमच्या हातात नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या सँडबॉक्समध्ये टप्प्याटप्प्याने चाचण्या पार कराव्या लागतात, आणि मंजुरीच्या तारखेवर तुमची आवृत्ती अडकवणं शहाणपणाचं नाही. तोवर चौदा अंकी आभा क्रमांक नोंदणीच्या फॉर्मवर एका रकान्यात घेत राहा, पडताळणी नंतर होईल. मराठी भाषांतराचे शब्द तारखेच्या महिनाभर आधी गोठवा. सिस्टरना छापील सूचना दिल्यावर बटणावरचा शब्द बदलला की त्या सूचना रद्दीत जातात.

राहिलं बिलिंग. जुन्या बाह्मनीत बिलिंगसाठी ओडू या सॉफ्टवेअरची १० वी आवृत्ती, नव्यात १६ वी. मधल्या सहा उड्या ओडूच्या मोफत आवृत्तीत आपोआप होत नाहीत. ओपनअपग्रेड नावाचा समुदायाचा मार्ग आहे, पण तो एकेक पायरी चढतो आणि तुमचे स्थानिक बदल प्रत्येक पायरीवर रडवतात. तुमच्या आकाराच्या रुग्णालयाने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरमध्ये नव्या बाह्मनीला जुनं बिलिंगच जोडून चालवा, ते जुळतं का हे तालमीत पाहून. मग ३१ मार्चला औषधांचा साठा मोजा, येणी-देणी काढा आणि १ एप्रिलला कोऱ्या ओडू १६ मध्ये तेवढेच आरंभीचे आकडे भरा. जुनी बिलं नेऊच नका.

इथे एक खाच आहे. ओपनएमआरएसकडून ओडूकडे माहिती ॲटम फीडने, म्हणजे नोंदींच्या पानापानांच्या यादीतून, जाते, आणि कुठपर्यंत वाचून झालं याची खूण मार्कर्स नावाच्या टेबलात असते. कोऱ्या ओडूत ती खूण नसते, त्यामुळे ते फीड अगदी पहिल्या पानापासून वाचायला लागतं आणि मागच्या सगळ्या वर्षांच्या औषधांची कोटेशन्स नव्याने तयार करत सुटतं. सकाळी कॅशियरच्या पडद्यावर २०१९ चा खोकला दिसतो. तेव्हा रुग्णांची फीड पहिल्यापासून वाचू द्या, कारण सगळे रुग्ण ग्राहक म्हणून नव्या ओडूत यायला हवेत. पण भेटी-ऑर्डरींच्या फीडची खूण ३१ मार्चच्या शेवटच्या नोंदीवर आणून ठेवा, आणि मगच सेवा सुरू करा. पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी फेल्ड इव्हेंट्सचं टेबल उघडून बघा. तिथे जे अडकलं असेल ते बिलात आलेलं नसतं. जुनं ओडू बंद करू नका, फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवा आणि त्याचं एक लॉगिन हिशेब तपासनिसांना देऊन टाका, म्हणजे ऑडिटच्या वेळी ते तुम्हाला जुनी बिलं मागणार नाहीत.